मध्यम उत्पन्नाच्या देशांतली स्थिर गुंतवणूक : पन्नास वर्षांचा कल स्वतः काढण्याची रीत

गुजरीत दोन तोळे सोनं घेतलं, बँकेत ठेव ठेवली, गावाबाहेर प्लॉट घेतला, तर बोलताना आपण तिन्हींना गुंतवणूकच म्हणतो. देशाच्या हिशेबात मात्र यातलं एकही 'स्थूल स्थिर भांडवल निर्मिती'त धरलं जात नाही. उलट गोठ्यात वाढलेली दुभती म्हैस, गुऱ्हाळाची नवी काईल, शिरोलीच्या फाउंड्रीत बसवलेली इंडक्शन भट्टी आणि तिच्यावरची शेड हे सगळं धरलं जातं. मध्यम उत्पन्नाच्या देशांत गुंतवणूक वाढते आहे की घटते आहे, हे पाहायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते. नाहीतर पुढचं गणित अचूक येऊनही उत्तर भलतंच निघतं.

कोल्हापूरकरांनी हे का शिकायचं, तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात ओतलेलं कास्टिंग शेवटी पंप, ट्रॅक्टर, ट्रक किंवा व्हॉल्व्हमध्ये बसतं. म्हणजे आपली ऑर्डर ही दुसऱ्या कुणाची तरी गुंतवणूक असते. सात वर्षांच्या कर्जावर मोल्डिंग लाइन (ओतकामाचे साचे बनवणारी यंत्रांची रांग) घेणाऱ्याला पुढच्या तिमाहीच्या बातमीपेक्षा वीस-तीस वर्षांचा कल जास्त उपयोगी पडतो. विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्यांना आणि सहकारी बँकेत प्रकल्प अहवाल तपासणाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते. लागणारी साधनं म्हणजे एक संगणक, एक्सेल आणि दोन रिकामे दिवस.

आधी काय धरायचं ते ठरवा

संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीच्या २००८ च्या आवृत्तीप्रमाणे स्थिर भांडवलात घरं, इतर इमारती आणि रस्ते-धरणांसारखी बांधकामं, यंत्रसामग्री, दुभती जनावरं व फळबागा, आणि संशोधन-सॉफ्टवेअर येतं. जमीन येत नाही, पण जमीन सपाट करून ठिबक बसवण्याचा खर्च येतो. जमिनीच्या खरेदीवर भरलेला मुद्रांक आणि वकिलाची फीसुद्धा 'मालकी हस्तांतराचा खर्च' म्हणून आत येते, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं.

साखर कारखान्याच्या गोदामातली पोती म्हणजे साठा. तो स्थिर भांडवलात नसतो. गळीत हंगाम जोरात गेला की साठा फुगतो, म्हणून 'एकूण भांडवल निर्मिती' आणि 'स्थिर भांडवल निर्मिती' हे दोन स्तंभ कधीही एक समजू नका. भारतात एकूण भांडवल निर्मितीत सोनं-चांदीसारख्या 'मौल्यवान वस्तू'ही मिळवतात. सोन्याची आयात वाढली की हा मोठा आकडा वर जातो आणि कारखान्यात एक बोल्टही वाढलेला नसतो. आपल्याला हवा तो स्थिर भांडवलाचा आकडा.

जुन्या यंत्रांचं काय? तुम्ही पुण्याहून वापरलेलं व्हीएमसी (संगणकाने चालणारं धातुकामाचं यंत्र) घेतलं तर तुमची गुंतवणूक वाढली आणि विकणाऱ्याची तेवढीच घटली. देशाच्या हिशेबात विक्रीचा खर्च सोडला तर बेरीज शून्य. तेच यंत्र जपानहून वापरलेलं आणलं तर पूर्ण किंमत गुंतवणुकीत येते, कारण देशासाठी ते नवं आहे. इचलकरंजीत परदेशातून वापरलेले शटललेस माग येतात, तेव्हा हेच घडतं. भट्टीचं लायनिंग बदलणं ही देखभाल, ती गुंतवणूक नव्हे. भट्टीची क्षमता अर्ध्या टनावरून एक टनावर नेणं ही गुंतवणूक.

भाषेचा एक घोटाळा इथेच मिटवून टाका. 'स्थिर भांडवल' यातल्या स्थिरचा अर्थ एका वर्षाहून जास्त टिकणारं, उत्पादनात पुन्हा पुन्हा वापरलं जाणारं. 'स्थिर किमती' यातल्या स्थिरचा अर्थ महागाई काढून टाकलेल्या किमती. दोन्ही शब्द एकाच तक्त्यात शेजारी येतात आणि घाईत वाचणारा फसतो. आपल्या एक्सेलमध्ये स्तंभांची नावं 'चालू किमतीत' आणि 'आधारवर्षाच्या किमतीत' अशी सुटी लिहा.

आकडे उतरवणं आणि साफ करणं

पहिला स्रोत जागतिक बँकेचे 'वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स'. फुकट आहेत. त्यातून चार मालिका घ्या : स्थिर भांडवल निर्मितीचं जीडीपीशी प्रमाण, तीच निर्मिती स्थिर किमतीत, स्थिर किमतीतला जीडीपी, आणि जीडीपीचा वार्षिक वाढदर. भारतासाठी याच्या जोडीला सांख्यिकी मंत्रालयाची राष्ट्रीय लेखा आकडेवारी आणि रिझर्व्ह बँकेचं भारतीय अर्थव्यवस्थेवरचं सांख्यिकी हँडबुक लागेल. भांडवल साठ्यासाठी ग्रोनिंगेन विद्यापीठाची 'पेन वर्ल्ड टेबल' आहे. ती १९५० पासून सुरू होते.

देश मोजके घ्या. भारत, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड, इंडोनेशिया या सहांत जवळपास सगळे प्रकार येतात : चढता, फार वर गेलेला, खाली बसलेला, झिजत गेलेला, तुटलेला आणि तुटून पुन्हा उठलेला. वर्षं १९७० पासून घ्या.

उतरवलेल्या फाइलमध्ये वर्षं आडवी असतात. ती उभी करून घ्या, प्रत्येक ओळ एक वर्ष आणि प्रत्येक स्तंभ एक देश. सीएसव्ही फाइलच्या वरच्या चार ओळी माहितीच्या असतात, त्या काढा. डेटाबँकेतून घेतलेल्या तक्त्यात रिकाम्या जागी दोन टिंबं असतात. एक्सेल ती अक्षरं समजतं आणि सूत्र अडतं. अशा वेळी बरेच जण टिंबांच्या जागी शून्य टाकतात, आणि त्या क्षणी सगळी सरासरी बिघडते. जागा रिकामी ठेवा, शून्य नको.

वर्षाचा अर्थही तपासा. जागतिक बँकेच्या तक्त्यात भारताचं २०२० म्हणजे एप्रिल २०२० ते मार्च २०२१. चीनचं २०२० म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. टाळेबंदीची किंवा २००८ च्या मंदीची तुलना करताना हा तीन महिन्यांचा सरक लक्षात राहिला नाही, तर 'भारताला धक्का उशिरा बसला' असे निष्कर्ष निघतात.

भारताची मालिका राष्ट्रीय लेख्यांतून घेत असाल तर आधारवर्षं (ज्या वर्षाच्या किमती धरून मोजतात ती वर्षं) आडवी येतात : १९९९-२०००, २००४-०५, २०११-१२. त्यानंतरचं आधारवर्ष २०२२-२३. प्रत्येक बदलात व्याप्ती आणि पद्धत बदलते, म्हणून दोन मालिका नुसत्या एकाखाली एक चिकटवू नका. दोन्हींत असलेलं एक सामाईक वर्ष घ्या, नव्या आकड्याला जुन्याने भागा, आणि आलेल्या गुणकाने मागचे सगळे जुने आकडे गुणा. स्थिर गुंतवणूक आणि जीडीपी यांना हे वेगवेगळं करा, मगच प्रमाण काढा. थेट टक्केवारी जोडली तर दोन्हींतला फरक एकमेकांत लपतो. २००४-०५ ते २०११-१२ या काळाची अधिकृत मागची मालिका नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. त्या वर्षांसाठी ती वापरली तर गुणक लावायची गरज नाही, पण कुठली मालिका वापरली ते वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

चीनबाबत एक वेगळी खबरदारी. तिथे दर महिन्याला 'स्थिर मालमत्ता गुंतवणूक' नावाचा आकडा येतो आणि वर्तमानपत्रं तोच छापतात. त्यात जमिनीची खरेदी आणि जुन्या मालमत्तेची खरेदीही असते. तो आकडा स्थिर भांडवल निर्मितीपेक्षा बराच मोठा निघतो. दीर्घ कलासाठी तो घेऊ नका.

'मध्यम उत्पन्न गटा'ची तयार सरासरी का टाळायची

जागतिक बँक दर वर्षी १ जुलैला देशांची गटवारी करते. जुलै २०२५ च्या यादीत दरडोई १,१३६ ते ४,४९५ डॉलर म्हणजे निम्न-मध्यम आणि ४,४९६ ते १३,९३५ डॉलर म्हणजे उच्च-मध्यम. भारत २००७ च्या आकड्यांवरून निम्न-मध्यम गटात आला.

आता मेख अशी आहे की बँकेच्या तक्त्यात गटाची जी सरासरी असते, ती आजच्या यादीतल्या देशांची, मागच्या सगळ्या वर्षांसाठी. दक्षिण कोरियाने १९७० ते १९९० या काळात प्रचंड गुंतवणूक केली आणि पुढे तो उच्च उत्पन्न गटात गेला. म्हणून आजच्या 'मध्यम उत्पन्न' सरासरीत कोरियाची ती वर्षं नाहीतच. जुलै २०२४ मध्ये रशिया उच्च उत्पन्न गटात गेला, आणि गटाच्या जुन्या वर्षांतूनही तो बाहेर पडला. वर्गात जे मागे राहिले त्यांच्याच गुणांची सरासरी काढावी आणि 'या वर्गात कुणी पुढे जात नाही' म्हणावं, तसं हे आहे.

दुसरी अडचण चीनच्या आकाराची. मध्यम उत्पन्न देशांच्या एकत्रित जीडीपीत निम्म्याच्या आसपास एकटा चीन आहे, आणि त्याचं गुंतवणूक प्रमाण चाळिशीच्या वर. त्यामुळे गटाचा आलेख म्हणजे बराचसा चीनचा आलेख. उपाय सोपा आहे. देशांची यादी एकदा ठरवून गोठवा, शक्यतो तुमच्या मालिकेच्या पहिल्या दशकात जे मध्यम होते ते सगळे घ्या. प्रत्येक वर्षाचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. आणि चीनसह व चीनशिवाय असे दोन आलेख काढा. दोन्हींतलं अंतर पाहिल्यावर कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कल काढताना तुटलेली जागा ओळखा

सर्वसाधारण सल्ला असतो की पाच वर्षांची मध्यवर्ती सरासरी काढा : दोन मागची, दोन पुढची आणि मधलं वर्ष. शांत मालिकेला ती चालते. ब्राझीलचं प्रमाण २०१३ मध्ये २१ टक्क्यांच्या आसपास होतं आणि २०१७ पर्यंत १५ च्या खाली आलं. अशी उतरण सरासरीत नीट दिसते.

थायलंडमध्ये ती फसवते. तिथलं प्रमाण १९९४ ते १९९९ या सहा वर्षांत पूर्णांकात साधारण ४०, ४१, ४१, ३४, २२, २१ असं गेलं. २ जुलै १९९७ ला तिथलं चलन बाट तरंगतं सोडलं, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला, त्याआधी बांधकामात आणि परकीय कर्जात फुगवटा होता. आता १९९६ ची पाच वर्षांची सरासरी काढा : १९९४ ते १९९८ ची बेरीज १७८, भागिले ५, उत्तर ३५.६. प्रत्यक्षात १९९६ चा आकडा ४१ होता. म्हणजे सरासरीने पुढे येणारी पडझड मागे ओढून आणली आणि संकटाच्या आधीपासूनच गुंतवणूक उतरत होती असा भास तयार केला. यावर कुणी प्रबंध लिहिला तर सगळा पायाच चुकीचा.

म्हणून आधी कच्ची मालिका आलेखावर काढा आणि एका वर्षात चार टक्के-बिंदूंहून मोठी उडी किंवा पडझड कुठे आहे ते खुणा करून घ्या. प्रत्येक खुणेला कारण शोधा. लॅटिन अमेरिकेत १९८२ चं कर्जसंकट, आग्नेय आशियात १९९७, जवळपास सगळीकडे २००८-०९ आणि २०२०. खुणेच्या अलीकडे एक कल, पलीकडे दुसरा. मध्ये सरासरी ओलांडू देऊ नका. कारण सापडलं नाही तर बहुधा आधारवर्ष बदललेलं असतं, तेही तपासा.

हे केलं की थायलंड आणि इंडोनेशिया यांतला फरक लख्ख दिसतो. दोघेही १९९७ ला पडले. इंडोनेशिया २८ वरून २० वर आला आणि पुढच्या दशकात तिशी ओलांडून गेला. थायलंड विशीतच अडकून राहिला. इंडोनेशियाच्या स्थिर गुंतवणुकीत जवळपास तीन चतुर्थांश वाटा इमारती आणि बांधकामांचा आहे, ही गोष्ट पुढे यंत्रांच्या मागणीचा विचार करताना लागणार आहे. तिथलं प्रमाण मोठं आहे म्हणून आपल्या कास्टिंगला तेवढी मोठी बाजारपेठ आहे, असं नव्हे.

होड्रिक-प्रेस्कॉट गाळणी (मालिकेतून चढ-उतार वगळून कल वेगळा काढणारं सूत्र) वापरणाऱ्यांना एवढंच सांगायचं की वार्षिक आकड्यांना लॅम्डा ६.२५ घ्या, १६०० हा तिमाहीचा आकडा आहे. शिवाय शेवटच्या तीन वर्षांतल्या कलावर विश्वास ठेवू नका, नवे आकडे आले की ती शेपटी हलते.

किमतीचा पदर सोडवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गुंतवणूक प्रमाण म्हणजे चालू किमतीतली गुंतवणूक भागिले चालू किमतीतला जीडीपी. यंत्रं, संगणक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणं यांच्या किमती बाकी वस्तू-सेवांच्या मानाने कमी वेगाने वाढतात. समजा यंत्रांच्या किमती वर्षाला २ टक्के आणि देशातली सर्वसाधारण किंमत पातळी ६ टक्के वाढली. दहा वर्षांनी यंत्रांची सापेक्ष किंमत १.०२ भागिले १.०६ चा दहावा घात, म्हणजे ०.६८ होते. उत्पादनाच्या मानाने यंत्रांची संख्या अगदी तेवढीच राहिली, तरी जीडीपीतला त्यांचा वाटा १० टक्क्यांवरून ६.८ वर येईल. कारखान्यात काहीही घटलं नाही, पण आलेख एक तृतीयांश खाली.

तपासण्याची रीत अशी. स्थिर गुंतवणुकीचा चालू किमतीतला आकडा भागिले स्थिर किमतीतला आकडा, हा तिचा किंमत निर्देशांक. जीडीपीचाही तसाच काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ही रेषा खाली जात असेल तर प्रमाणातली काही घसरण निव्वळ किमतीची आहे. वर जात असेल तर उलटं : सिमेंट, पोलाद, मजुरी महागल्याने प्रमाण फुगलं आहे आणि प्रत्यक्ष बांधकाम तेवढं वाढलेलं नाही. चलन घसरलेल्या देशात आयात यंत्रं महागतात, तिथे दुसरा प्रकार दिसतो.

स्थिर किमतीतलं प्रमाण थेट काढून त्याची देशादेशांत तुलना करू नका. त्याची पातळी कुठलं आधारवर्ष घेतलं यावर अवलंबून असते. एकाच देशात दिशा पाहायला ते चालतं, दोन देशांत पातळी तोलायला नाही.

साठा बांधा, कारण झीज आलेखात दिसत नाही

'स्थूल' म्हणजे घसारा वजा न करता. जुनं यंत्र काढून नवं बसवलं तरी पूर्ण रक्कम गुंतवणूक म्हणून मोजली जाते. क्षमता वाढली का, हे कळायला साठा बांधावा लागतो. सूत्र एकच : पुढच्या वर्षाच्या सुरुवातीचा साठा म्हणजे यंदाच्या सुरुवातीचा साठा गुणिले (१ वजा घसारा दर), अधिक यंदाची गुंतवणूक. सगळं स्थिर किमतीत.

पहिल्या वर्षाचा साठा कुठून आणायचा? त्या वर्षाची गुंतवणूक भागिले (वाढदर अधिक घसारा दर). जीडीपी १००, गुंतवणूक ३०, वाढ ६ टक्के, घसारा ५ टक्के असेल तर ३० भागिले ०.११, म्हणजे २७२.७. सूत्र बरोबर टाकलंय का ते लगेच तपासा : २७२.७ गुणिले ०.९५ अधिक ३० म्हणजे २८९.१, आणि हा आधीच्या साठ्याहून बरोबर ६ टक्के जास्त. नाही आला तर कुठेतरी टक्का आणि दशांशाची गल्लत आहे.

हा पहिला आकडा अंदाज आहे, आणि त्याची चूक लवकर जात नाही. ५ टक्के घसाऱ्याने २० वर्षांनीही सुरुवातीच्या चुकीतला ३६ टक्के भाग शिल्लक असतो, ४० वर्षांनी १३ टक्के. म्हणून मालिका जितकी मागून सुरू करता येईल तितकी करा आणि पहिली वीस वर्षं निष्कर्षात वापरू नका.

घसारा दर निवडताना आयकराचा दर उचलू नका. आयकरात यंत्रसामग्रीला साधारण १५ टक्के दर घटत्या शिल्लकीवर आहे. दहा वर्षांत पुस्तकी किंमत पाचव्या हिश्श्यावर येते, पण ती मोल्डिंग लाइन वीस वर्षं चालते. बांधकामाला २ आणि यंत्रांना १० टक्के धरून बघा. साठ्यात बांधकाम ८० आणि यंत्रं २० असतील तर एकूण घसारा ३.६ टक्के. यंत्रांचा वाटा ४० झाला की तो ५.२. म्हणजे देश सिमेंटकडून यंत्रांकडे आणि सॉफ्टवेअरकडे सरकला की तेवढाच साठा टिकवायला दर वर्षी जास्त गुंतवणूक लागते. एकच घसारा दर सगळ्या दशकांना लावणं ही सोय आहे, त्याची किंमत शेवटच्या दशकात मोजावी लागते.

सूत्राला दोन गोष्टी दिसत नाहीत. एक, बंद पडलेली मालमत्ता. १९०६ च्या शाहू मिलसारख्या गिरणीचं धुराडं थांबलं, तरी सूत्र तिला ठरलेल्या दरानेच हळूहळू झिजवत राहतं. दुसरी, आपत्ती. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी पंचगंगेकाठची घरं, गोठे, माग, मोटारी नेल्या. असं नुकसान नेहमीच्या घसाऱ्यात धरत नाहीत, पण पुन्हा बांधलेलं घर मात्र नवी गुंतवणूक म्हणून पूर्ण मोजलं जातं. मोठ्या पूर-भूकंपानंतरच्या दोन-तीन वर्षांत एखाद्या देशाचं प्रमाण चढलेलं दिसलं, तर साठ्यातून वेगळी वजावट केल्याशिवाय त्याला प्रगती म्हणू नका.

उलट बाजूने, जुनी मालमत्ता सूत्रापेक्षा जास्तही टिकते. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं, ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, आणि त्याचं पाणी आजही शेतात येतं. दीर्घायुषी सार्वजनिक बांधकामांना वेगळा, कमी दर लावणं त्यामुळे योग्य ठरतं.

प्रमाण घटलं म्हणजे बिघाड झाला का

वरच्या उदाहरणात साठा आणि जीडीपी यांचं गुणोत्तर २.७३ आहे. आता देशाची वाढ ६ वरून ३ टक्क्यांवर आली असं धरा, घसारा तोच ५. गुणोत्तर २.७३ च ठेवायला गुंतवणूक किती लागेल? २.७३ गुणिले ८, म्हणजे साधारण २२ टक्के. प्रमाण ३० वरून २२ वर आलं आणि प्रत्येक रुपयाच्या उत्पादनामागचं भांडवल तसूभरही कमी झालं नाही. तेव्हा 'गुंतवणूक घटली म्हणून वाढ मंदावली' हे वाक्य लिहिण्याआधी उलटा प्रश्न विचारा : वाढ मंदावली म्हणून गुंतवणूक घटली असेल का? मध्यम उत्पन्न देशांवरच्या चर्चेत हा प्रश्न वगळला जातो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चीनमध्ये उलट घडलं. २००७ मध्ये प्रमाण ३८ च्या आसपास आणि वाढ १४ टक्क्यांवर, म्हणजे एक टक्का वाढीला २.७ टक्के गुंतवणूक. २०१९ मध्ये प्रमाण ४२ च्या वर आणि वाढ ६, गुणोत्तर ७. वाढ निम्म्याहून खाली आली आणि प्रमाण उतरलं नाही. साठा उत्पादनापेक्षा वेगाने फुगत गेला, आणि त्याचा ताण पुढे घरबांधणीत उघड झाला. हे गुणोत्तर एका वर्षावर काढू नका, तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्या. मंदीच्या वर्षात भाजक शून्याजवळ जातो आणि आकडा अर्थहीन होतो.

दक्षिण आफ्रिका तिसरा प्रकार. १९८० च्या सुमारास प्रमाण पंचविशीच्या वर होतं, पुढच्या दोन दशकांत ते पंधराच्या आसपास आलं, २००८ ला विशी ओलांडून चढलं आणि २०२१ पर्यंत पंधराच्याही खाली आलं. तिथल्या राष्ट्रीय विकास आराखड्यात २०३० साठी ३० टक्क्यांचं लक्ष्य आहे. इतकं खाली गेलं की बरीचशी रक्कम झीज भरण्यातच जाते. वीज, रेल्वे, बंदरं अडली की खाजगी कारखानदार नवी यंत्रं मागवत नाही, आणि तिथल्या लोडशेडिंगने नेमकं तेच केलं.

भारताचा आकडा मालकाप्रमाणे फोडा

भारताचं प्रमाण १९७० च्या सुमारास पंधराच्या आसपास होतं, २००७-०८ च्या तेजीत ते तिशी बरंच ओलांडून गेलं, २०११-१२ मध्ये ३४.३ टक्के होतं आणि त्यानंतर उतरून तिशीच्या आसपास राहिलं. ही उतरण पाहून सगळा दोष मोठ्या कंपन्यांवर टाकला जातो. तक्ता मालकाप्रमाणे फोडा. २०११-१२ च्या ३४ पैकी जवळपास १६ टक्के 'घरगुती क्षेत्रा'चे होते, ११ च्या आसपास खाजगी कंपन्यांचे, ७ च्या आसपास सरकारचे. पुढच्या चार-पाच वर्षांत सगळ्यात मोठी घट घरगुती क्षेत्रात झाली.

आणि घरगुती म्हणजे फक्त घरं नव्हेत. एका मालकाच्या नावावर चालणारी उद्यमनगरातली मशीनशॉप, इचलकरंजीतले आठ माग, म्हशींचा गोठा, गुऱ्हाळ हे सगळं या हिशेबात घरगुती क्षेत्रातच येतं. 'वार्षिक उद्योग पाहणी' मुख्यतः ठरावीक कामगारसंख्येवरचे नोंदणीकृत कारखाने पाहते. त्याखालचं तिच्यात येत नाही. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याची गुंतवणूक फक्त त्या पाहणीवरून काढली तर निम्मं चित्र अंधारात राहतं.

सरकारी भांडवली खर्चही जसाच्या तसा उचलू नका. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ११.११ लाख कोटी रुपयांचा भांडवली खर्च होता, पण त्यात राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीची दीड लाख कोटींची बिनव्याजी कर्जंही होती. ते कर्ज राज्याने रस्ता बांधून खर्च केलं, तेव्हा ती स्थिर गुंतवणूक होते. दोन्हीकडे धरलं तर तोच रुपया दोनदा मोजला जातो.

शेवटी आपली ऑर्डर बुक समोर ठेवा

गेल्या पाच वर्षांची विक्री टनांत घ्या आणि प्रत्येक कास्टिंगपुढे ते शेवटी कशात बसतं ते लिहा. ट्रॅक्टर, ट्रक, शेतीपंप, कारखान्याचे व्हॉल्व्ह, बांधकाम यंत्रं ही कुणाची तरी स्थिर गुंतवणूक. कुटुंबाने घेतलेली कार आणि मोटरसायकल मात्र उपभोगात जाते, टॅक्सीसाठी घेतलेली तीच कार गुंतवणुकीत. बदली सुटे भाग देखभालीत जातात. असे तीन ढीग झाले की तुमच्या धंद्याचा किती भाग वरच्या आलेखांना बांधलेला आहे ते टक्क्यात कळतं. निर्यात असेल तर देशाप्रमाणे फोडा, आणि त्या देशाच्या गुंतवणुकीतला यंत्रसामग्रीचा वाटा पाहा, एकूण प्रमाण नव्हे.

देखभालीचा ढीग मोठा असेल तर गुंतवणूक उतरत्या काळातही तो टिकतो, किंबहुना जुनी यंत्रं जास्त वर्षं चालवली जातात म्हणून वाढू शकतो. गुंतवणुकीचा ढीग मोठा असेल तर चढ-उतार अर्थव्यवस्थेपेक्षा तीव्र येतील हे धरूनच हप्ता ठरवा.

नजीकच्या काळासाठी रिझर्व्ह बँकेची कारखान्यांच्या क्षमता वापराची तिमाही पाहणी जोडून ठेवा. एप्रिल-जून २०२० मध्ये तो वापर ४७.३ टक्क्यांवर गेला होता, नंतरच्या वर्षांत ७५ च्या आसपास राहिला. दीर्घ कल चढता आणि क्षमता वापर ७५ च्या वर सलग तीन-चार तिमाह्या असेल, तर यंत्र मागवायला हरकत नाही. कल चढता पण वापर सत्तरच्या खाली असेल, तर शेड आणि वीजजोडणी आधी करून घ्या आणि मोल्डिंग लाइनची ऑर्डर दोन तिमाह्या थांबवा. बँकेच्या फाइलला हे दोन आलेख आणि तीन ढिगांचा तक्ता जोडा. कुठली मालिका, कुठलं आधारवर्ष आणि कुठल्या तारखेला उतरवली, ते प्रत्येक तक्त्याखाली लिहा.